इंजिन बदलले, पण कपलर जुळेना? वायर कापण्याआधी हे वाचा

घरातल्या जुन्या गाडीवर सगळ्यांचाच जीव असतो. ती विकायचा विषय निघाला की कोणीतरी हळवे होतेच. पण एक दिवस मेकॅनिक सांगतो की इंजिनमध्ये आता दम राहिलेला नाही. बोअरिंग, पिस्टन, क्रँक असे सगळे काम करण्यापेक्षा चांगल्या अवस्थेतले दुसरे इंजिन बसवणे स्वस्त पडेल. तुम्ही होकार देता. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार अशी जुन्या सुट्या भागांची ठिकाणे प्रत्येक मोठ्या शहरात आहेतच. तिथून इंजिन येते, माउंटिंगवर बसते, गिअरबॉक्सला जोडले जाते. अवघड काम संपले असे वाटत असतानाच गॅरेजमधून फोन येतो, ‘‘साहेब, इग्निशनचे कपलर मॅच होत नाहीत. कापून डायरेक्ट जोडू का?’’

‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’ असे म्हणून बहुतेक जण फोन ठेवतात आणि तिथूनच पुढची डोकेदुखी सुरू होते. गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. भर घाटात इंजिन अचानक बंद पडते. महागडा ईसीयू जळतो. सगळ्यात वाईट म्हणजे बॉनेटखाली वायर तापून वितळते आणि आगीचा धोका निर्माण होतो. त्या गाडीतून मुलांना शाळेत सोडायला आणि आईबाबांना गावी न्यायला तुम्हीच जाणार असता.

कपलर जुळत नाही, याचा अर्थ दोन्ही बाजूंची यंत्रणा वेगळी असू शकते, असा इशारा गाडी तुम्हाला देत असते. म्हणून ‘कसे जोडायचे’ हा प्रश्न नंतर येतो. आधी ‘यातली प्रत्येक वायर काय काम करते’ हे कळले पाहिजे. तुम्हाला स्वतः पाना हातात घ्यायची गरज नाही. पण ही माहिती असेल, तर गॅरेजमध्ये चार योग्य प्रश्न विचारता येतील आणि पैसा व जीव दोन्ही सांभाळता येतील.

ठिणगी कशी पडते?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. पण सिलिंडरमधले पेट्रोल पेटवण्यासाठी स्पार्क प्लगला हजारो व्होल्टची गरज असते. हे काम इग्निशन कॉइल करते. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह जातो आणि तो एकदम तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते.

प्रवाह नेमक्या क्षणी कोण तोडतो, यावरून गाड्यांच्या पिढ्या ओळखता येतात. जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट करायचे. बरेच जुने मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीवरून आले. बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आले. आता सगळा हिशोब ईसीयू म्हणजे गाडीचा छोटा संगणक ठेवतो आणि अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली असते.

म्हणजे दोन इंजिने बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसली, तरी ठिणगीची पद्धत वेगळी असू शकते. फरक दिसतो तो फक्त कपलरमध्ये.

कपलर न जुळण्याची कारणे

पिना कमी-जास्त असणे : हा सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे. प्लगवर बसणाऱ्या काही कॉइलला दोनच पिना असतात. एकीत बॅटरीचा पॉझिटिव्ह येतो, दुसरी ईसीयूकडे जाते आणि काही अँपिअरचा मोठा प्रवाह जोडण्या-तोडण्याचे काम ईसीयू स्वतः करतो. दुसऱ्या प्रकारच्या कॉइलला तीन किंवा चार पिना असतात. त्यांच्या पोटातच प्रवाह तोडणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि ईसीयू त्यांना फक्त बारीक इशारा देतो. इशारा देणाऱ्या ईसीयूला दोन पिनांची कॉइल जोडली, तर त्याच्यावर न पेलणारा भार येतो आणि तो जळू शकतो. उलटी जोडणी केली, तर कॉइल जळू शकते. इथे वायर कितीही सफाईने जोडली तरी उपयोग नाही. कॉइल आणि ईसीयू एकाच जातीचे हवेत किंवा मध्ये योग्य मॉड्यूल हवे.

सेन्सरचा प्रकार वेगळा असणे : पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला क्रँक आणि कॅम सेन्सर सांगतात. दोन वायरचा सेन्सर बहुधा चुंबक आणि वेटोळ्याचा असतो. तो स्वतःच विजेचा संकेत तयार करतो, त्याला बाहेरून सप्लाय लागत नाही. तीन वायरचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा असतो. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल अशा तीन गोष्टी लागतात. दोघांचे संकेत वेगळे असतात, म्हणून एकाच्या जागी दुसरा चालत नाही. चुंबकाच्या सेन्सरच्या दोन वायर उलट्या जोडल्या, तर इंजिन सुरू होऊनही टायमिंग चुकू शकते.

मॉडेल वर्षातला बदल : तेच इंजिन, तीच कंपनी, पण नवे प्रदूषण नियम लागू झाले की त्याची वायरिंग बदलते. आपल्याकडे देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. अशा प्रत्येक टप्प्यावर सेन्सर वाढले आणि त्यांच्यासोबत कपलरही बदलले. ‘सेम टू सेम इंजिन आहे’ असे विक्रेता म्हणाला, तर ते कोणत्या वर्षाच्या आणि कोणत्या बीएसच्या गाडीतले आहे, हे लगेच विचारा.

आधीच्या मालकाने केलेले बदल : सीएनजी किट, चोरीचा अलार्म, रिमोट लॉक यांसाठी इग्निशनच्या वायर कापून जोड दिलेले असतात. इंजिनसोबत आलेल्या वायरिंगमध्ये टेप गुंडाळलेले फुगीर भाग दिसले, तर ते उघडून पाहायला सांगा.

जुळलेला कपलरही फसवू शकतो

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. कपलर ‘टक’ करून बसला म्हणजे काम झाले, असे नाही. कपलर बनवणाऱ्या कंपन्या तेच कवच अनेक गाड्यांना पुरवतात. कवच सारखे, पण एका गाडीत पहिल्या पिनवर सप्लाय आणि दुसऱ्या गाडीत तिथेच अर्थ असू शकतो. किल्ली फिरवताच फ्यूज उडाला, तर ते नशीबच म्हणायचे. नाहीतर सेन्सर किंवा ईसीयू जातो.

तसेच वायरच्या रंगावर भरवसा ठेवू नका. ‘लाल लालला, काळी काळीला’ हा गॅरेजमधला आवडता नियम आहे. पण रंगांची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. कित्येक गाड्यांत काळ्या वायरवर पांढरी रेघ असेल, तर तिच्यात किल्ली ऑन केल्यावर सप्लाय येतो. तिला अर्थ समजून बॉडीला लावले, तर काय होईल याचा विचार करा. खात्री देणाऱ्या गोष्टी दोनच, त्या गाडीचा वायरिंग डायग्राम आणि मल्टिमीटर. डायग्राम एक नाही, दोन लागतात. एक तुमच्या गाडीचा आणि दुसरा इंजिन ज्या गाडीतून आले तिचा.

चार सिलिंडरच्या चार कॉइलला सारखेच कपलर असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. दुसऱ्या सिलिंडरचा कपलर तिसऱ्याला लागला, तर इंजिन झटके देईल, सायलेन्सरमधून फटाके वाजतील आणि न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन महागडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होईल. म्हणून इंजिन काढतानाच प्रत्येक कपलरला चिठ्ठी लावायला आणि मोबाइलवर फोटो काढायला सांगा. हे काम तुमची शाळकरी मुलेही हौसेने करतील.

उदाहरण जिप्सीचे

हे सगळे प्रत्यक्षात कसे असते, हे मारुती जिप्सीवरून छान समजते. डोंगराळ भागात, शेतावर आणि हौशी लोकांकडे ही गाडी आजही जपलेली दिसते. १९८५ मध्ये ती आली, तेव्हा तिच्यात ९७० सीसीचे कार्ब्युरेटरचे इंजिन होते. १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन आले. २००० च्या सुमारास तेवढ्याच क्षमतेचे, पण १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय म्हणजे इंधन इंजेक्शनचे इंजिन मिळू लागले. साहजिकच जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीत हे नंतरचे इंजिन बसवण्याचा मोह अनेकांना होतो.

समजा, तुमच्याकडेही तशीच जिप्सी आहे. जुन्या वायरिंगमध्ये इग्निशनसाठी फारसे काही नसते. किल्लीकडून कॉइलला येणारी सप्लायची वायर, डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर आणि सेल्फची वायर, इतकाच मुख्य पसारा. नव्या इंजिनला मात्र इंजेक्टर, सेन्सर आणि ईसीयू यांचे जाळे लागते. एकेक कपलर कापून जुन्या वायरिंगला जोडायला गेलात, तर ते काम कधी संपणारच नाही.

शहाणपणाचा मार्ग असा, की इंजिन घेतानाच त्याची पूर्ण वायरिंग, ईसीयू, रिले आणि फ्यूज बॉक्स सोबत घ्यायचा. कपलर कापलेले इंजिन थोडे स्वस्त मिळते, पण ती बचत खरी नसते. पूर्ण वायरिंग असेल, तर इंजिनच्या बाजूचे सगळे कपलर आपोआप जुळतात. मग गाडीची जुनी वायरिंग आणि इंजिनची नवी वायरिंग यांच्यामध्ये मोजकेच जोड उरतात :

• बॅटरीचा कायमचा पॉझिटिव्ह, जो किल्ली बंद असतानाही ईसीयूला लागतो.

• किल्लीने सुरू होणारा इग्निशनचा सप्लाय.

• सेल्फची वायर.

• पेट्रोल पंपाच्या रिलेची वायर. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनला पुरेल एवढ्या दाबाचा पंप नसतो. तो इलेक्ट्रिक पंप नव्याने बसवावा लागतो आणि इंजिन बंद पडताच तोही बंद व्हावा, म्हणून त्याचा रिले ईसीयूच्याच ताब्यात हवा. पंपाला किल्लीवरून थेट सप्लाय दिला, तर अपघातात इंजिन बंद पडले तरी पेट्रोल वाहत राहील.

• डॅशबोर्डवरचा चेक इंजिन दिवा, चार्जिंगचा दिवा आणि ऑइलचा दिवा.

• टेंपरेचर मीटरची वायर. ईसीयूचा सेन्सर आणि मीटरचा सेन्सर अनेकदा वेगवेगळे असतात. मीटरला त्याच्या जोडीचा जुना सेन्सर मिळाला, तरच काटा खरे दाखवतो.

• अर्थच्या वायर.

या मोजक्या वायरची यादी कागदावर लिहा, डायग्रामवरून दोन्ही बाजूंच्या पिना आणि रंग समोरासमोर मांडा आणि मगच जोडायला घ्या. निम्मे काम या कागदावरच होते.

किल्लीची गंमत समजून घ्या

अशा कामांत हमखास होणारी एक चूक आहे. किल्ली ऑन केली की ज्यात सप्लाय येतो, अशी एखादी वायर शोधून कॉइल आणि ईसीयूला जोडली जाते. पण सेल्फ मारताना किल्लीचा स्विच काही वायरींचा सप्लाय मुद्दाम बंद करतो, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळते. नेमकी तीच वायर हाती लागली, तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन उठत नाही आणि किल्ली सोडण्याच्या क्षणी एकदा भुरकते. याच्या उलट, फक्त सेल्फच्या वेळी सप्लाय देणारी वायर जोडली, तर इंजिन सुरू होते आणि किल्ली सोडताच बंद पडते.

तुमच्या गाडीत इंजिन बदलल्यावर असे होत असेल, तर इंजिनला दोष देऊ नका. मल्टिमीटर लावून किल्ली ऑन असताना आणि सेल्फ मारताना, अशा दोन्ही वेळी त्या वायरवर सप्लाय आहे का, एवढे तपासायला सांगा.

काही जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. कॉइलकडे जाणाऱ्या वायरमध्ये मुद्दाम एक रेझिस्टर बसवलेला असतो, ज्यामुळे कॉइलला १२ पेक्षा कमी व्होल्ट मिळतात. त्याच वायरवर नवी इलेक्ट्रॉनिक कॉइल किंवा ईसीयू जोडला, तर ठिणगी कमजोर पडते. त्यासाठी फ्यूजमधून आणि रिलेमधून स्वतंत्र सप्लाय घेणे हाच योग्य उपाय आहे.

जोड कसा असावा?

आता मुद्दा येतो प्रत्यक्ष जोडण्याचा. त्यासाठी तीन पर्याय आहेत.

पहिला आणि उत्तम पर्याय म्हणजे समोरच्या बाजूचा मूळ कपलर मिळवणे. जुन्या बाजारात थोडी वायर ठेवून कापलेले कपलर मिळतात. काही कपलर नवेही मिळतात, त्यात योग्य पिना बसवता येतात. दुसरा पर्याय म्हणजे छोटी अॅडॉप्टर वायरिंग तयार करणे, जिच्या एका टोकाला गाडीचा आणि दुसऱ्या टोकाला इंजिनचा कपलर असतो. यात गाडीची मूळ वायरिंग कापावी लागत नाही आणि उद्या काही बिघडले तर तेवढाच तुकडा बदलता येतो. तिसरा पर्याय वायरला वायर जोडण्याचा. तो वाईट नाही, पण नीट केला तरच.

नीट म्हणजे काय, हे लक्षात ठेवा :

• दोन वायर पिळून वर टेप गुंडाळणे हा जोड नाही. इंजिनच्या उष्णतेने टेपचा चिकट डिंक सुटतो आणि कंपनांनी पीळ सैल होतो.

• योग्य मापाचा स्लीव्ह घालून क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबलेला जोड कंपनांना चांगला टिकतो. सोल्डर केले असेल, तर सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि हलून तुटू शकते. त्यामुळे त्या जागेला आधार द्यावा लागतो.

• जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह हवा. आतून गोंद असलेला स्लीव्ह घेतला, तर पावसाचे पाणी आत जात नाही. कोकण, गोवा, केरळसारख्या दमट भागात हे फार महत्त्वाचे आहे.

• शेजारशेजारच्या वायरींचे जोड एकाच रेषेत नकोत, थोडे पुढे-मागे हवेत. म्हणजे एखादा स्लीव्ह फाटला तरी दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत.

• घरातल्या लाइट फिटिंगची वायर गाडीत वापरू नका. गाडीची वायर बारीक तारांची, लवचिक आणि उष्णता सोसणारी असते. जाडी मूळ वायरइतकी किंवा थोडी जास्त असावी, कमी नको.

• क्रँक सेन्सरच्या वायरवर जाळीचे आवरण असेल, तर ते कापून टाकू नका. कॉइलच्या विजेचा गोंधळ सेन्सरच्या संकेतात मिसळू नये, म्हणून ते असते.

• नव्या सप्लायच्या प्रत्येक वायरला बॅटरीच्या जवळ फ्यूज हवा. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे. फ्यूज हा वायरचा पहारेकरी आहे, त्याची झोप उडते आहे तर कारण शोधा.

• वायरिंग एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून आणि पत्र्याच्या धारेपासून दूर बांधलेली हवी.

अर्थिंग विसरू नका

इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, म्हणजे ते गाडीच्या बॉडीला विजेच्या दृष्टीने जोडलेलेच नसते. हे काम अर्थची जाड पट्टी करते. इंजिन बदलताना ही पट्टी जुन्या इंजिनसोबत भंगारात जाते किंवा गंजलेल्या, रंगवलेल्या जागी आवळली जाते. मग सेल्फचा प्रचंड प्रवाह वाट मिळेल तिथून जातो. कधी अॅक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी सेन्सरच्या बारीक वायरमधून. केबल गरम होणे, दिवे मंद होणे, मीटरचे काटे उगाच हलणे, इंजिन अधूनमधून झटके देणे ही त्याची लक्षणे आहेत.

बॅटरीपासून इंजिनला, इंजिनपासून बॉडीला आणि ईसीयूची ठरलेल्या जागी, अशा तिन्ही अर्थ स्वच्छ घासलेल्या धातूवर घट्ट आवळल्या आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. खर्च अगदी किरकोळ आणि फायदा मोठा.

पहिला सेल्फ मारण्यापूर्वी

सगळे जोडून झाले की गॅरेजमध्ये सगळ्यांनाच घाई होते. तिथे दहा मिनिटे थांबायला सांगा.

काम चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी. माउंटिंगसाठी वेल्डिंग करायचे असेल, तर ईसीयूचे कपलरही काढून ठेवावेत. जोडणी झाल्यावर आधी ईसीयू आणि कॉइल न लावता किल्ली ऑन करून प्रत्येक पिनवर योग्य सप्लाय आणि अर्थ येतो का, हे मल्टिमीटरने पाहावे. जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीयूच्या बारीक वायरला लावू नये, त्याचा भार तिला सोसत नाही. सगळे बरोबर असेल तरच बाकीचे कपलर लावावेत.

ठिणगी पाहण्यासाठी प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरण्याची जुनी सवय आता सोडायला हवी. पॉइंटच्या गाडीत ते खपून जायचे. आजच्या कॉइलचा झटका जोरदार असतो. ठिणगीला वाट मिळाली नाही, तर कॉइल आणि मॉड्यूलही जाऊ शकते. शिवाय आसपास पेट्रोलची वाफ असेल, तर काय होईल हे सांगायला नको. त्यासाठी साधा स्पार्क टेस्टर मिळतो. जवळ अग्निशामक सिलिंडर असावा आणि मुलांना त्या वेळी लांब ठेवावे.

सगळे बरोबर आहे, तरी इंजिन उठत नाही?

अशा वेळी इमोबिलायझर आठवा. अनेक गाड्यांच्या किल्लीत छोटी चिप असते. ईसीयूला ओळखीची चिप दिसली नाही, तर तो ठिणगी किंवा पेट्रोल रोखून धरतो. दुसऱ्या गाडीचा ईसीयू तुमची किल्ली ओळखणार नाही, हे उघड आहे. म्हणून इंजिनसोबत ईसीयू घेत असाल, तर त्याच गाडीची किल्ली आणि इमोबिलायझरचे युनिटही मागा. ते नसेल, तर स्कॅनरवर किल्ली जुळवून देणारा जाणकार आधीच शोधून ठेवा.

दुसरे कारण क्रँकच्या दातेरी चाकाचे असू शकते. ईसीयू या चाकाचे दात मोजून पिस्टनची जागा ठरवतो. काही चाकांना ३६ जागांपैकी एक दात कमी असतो, काहींना ६० पैकी दोन. ईसीयू एका चाकाचा आणि इंजिन दुसऱ्या चाकाचे असेल, तर वायरिंग अचूक असूनही ठिणगी पडणार नाही.

कागदपत्रांचा कपलरही जुळू द्या

इंजिनच्या वायरिंगइतकेच महत्त्वाचे आहेत आरसी आणि विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला गाडीत करता येत नाही आणि इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे व्हावी लागते. बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

त्याच मॉडेलचे, त्याच इंधनाचे इंजिन असेल तर मार्ग सोपा असतो. वेगळ्या क्षमतेचे किंवा वेगळ्या मॉडेलचे असेल, तर पैसे देण्यापूर्वी तुमच्या आरटीओमध्ये परवानगी मिळेल का, हे विचारा. इंजिन बसवून मग विचारणे म्हणजे लग्न लावून पत्रिका पाहण्यासारखे आहे. तुम्ही नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात राहत असाल आणि गाडी महाराष्ट्रात नोंदलेली असेल, तर नेमके कोणत्या कार्यालयात जायचे हेही आधी समजून घ्या.

विक्रेत्याकडून पावती आणि इंजिन ज्या गाडीतून काढले तिची कागदपत्रे घ्या. इंजिनवरचा नंबर खोडलेला किंवा घासलेला असेल, तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नका, ते चोरीचे असू शकते. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्यांचे भाग विकले जात असल्यामुळे पोलिसांनी मोठी कारवाई केली होती. नवा इंजिन नंबर विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर दावा करताना आरसी, पॉलिसी आणि इंजिनवरचा नंबर जुळला नाही, तर अडचण येते. आणि हो, नवे इंजिन बसवल्याने गाडीचे वय कमी होत नाही. नोंदणीची तारीख तीच राहते.

गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न

काम देण्यापूर्वी हे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून ठेवा :

• इंजिन कोणत्या मॉडेलचे, कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या बीएसचे आहे?

• सोबत पूर्ण वायरिंग, ईसीयू आणि किल्ली मिळणार का?

• कॉइलला किती पिना आहेत आणि ईसीयू त्याच जातीचा आहे का?

• दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम तुमच्याकडे आहेत का?

• जोड क्रिंप करणार की पिळून टेप लावणार?

• काम इंजिन मिस्त्री करणार की ऑटो इलेक्ट्रिशियन?

• केलेल्या जोडांची यादी मला लिहून देणार का?

शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तोच सगळ्यात उपयोगाचा आहे. दोन वर्षांनी गाडी परगावी बंद पडली, तर तिथल्या अनोळखी मेकॅनिकला तुमच्या गाडीत काय बदलले आहे हे कसे कळणार? कोणत्या पिनला कोणत्या रंगाची वायर जोडली, फ्यूज कुठे आहे, किती अँपिअरचा आहे, एवढे एका कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कागद डॅशबोर्डच्या खणात.

चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन या प्रश्नांनी रागावत नाही, उलट गिऱ्हाइकाला काम समजते म्हणून खुश होतो. त्याला एक दिवस जास्त द्या आणि त्या कामाचे वेगळे पैसे देताना घासाघीस करू नका. पुढच्या वेळी ‘‘कापून डायरेक्ट जोडू का?’’ असा फोन आला, की शांतपणे सांगा, ‘‘आधी डायग्राम काढा, मी येतेय’’ किंवा ‘‘मी येतोय’’.